डिक्की न घालवता गाडीचा आवाज सुधारायचाय? आधी एवढी तयारी करा

पहिलं काम दुकानात नाही, घरच्या पार्किंगमध्ये करायचं. डिक्की उघडा आणि भरा. गावाला जाताना जे जे कोंबता ते सगळं खाली आणून खरोखर भरा, मग मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शेजारी विचारतील, कुठे निघालात? सांगा, कुठेच नाही. रिकाम्या डिक्कीकडे बघून आखलेला बेत हमखास फसतो, कारण रिकामी डिक्की नेहमी मोठी दिसते.

आमची स्विफ्ट २०१८ मध्ये आलेल्या पिढीतली, डिक्की २६८ लिटरची. गणपतीला पुण्याहून रत्नागिरीकडे निघताना दोन मोठ्या बॅगा आणि पूजेच्या सामानाचं खोकं असतं. परतताना त्यात तांदूळ, नारळ आणि कुणीतरी शेवटच्या क्षणी दिलेलं काहीतरी. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या. आता १२ इंची वूफरच्या, म्हणजे खालच्या आवाजासाठीच्या मोठ्या स्पीकरच्या, पोर्टेड (हवेसाठी भोक ठेवलेल्या) खोक्याला आतून साधारण ५० ते ५५ लिटर जागा लागते, वर लाकडाची जाडी. हिशेबाने पाव डिक्की. पण बॅग काही पाण्यासारखी ओतता येत नाही. खोका सीटच्या पाठीला टेकून उभा राहिला की मोठी बॅग आडवी बसतच नाही, आणि पाव म्हणता म्हणता निम्मी डिक्की जाते. वॅगनआरवाल्यांनीही ३४१ लिटर आहेत म्हणून निर्धास्त राहू नये. ती डिक्की उंच आहे, खोल नाही. आणि एकच मोठी सीएनजीची टाकी मागे असेल तर हा प्रश्न तुमच्यासाठी आधीच सुटलेला आहे.

स्टेपनीच्या रिममध्ये बसणारे वूफरही मिळतात. कल्पना झकास आहे. फक्त एकदा डोळ्यांसमोर आणा: आंबा घाट, पाऊस, रात्र, पंक्चर. सगळं सामान रस्त्याकडेला काढायचं आणि मग टॉर्च दातात धरून वूफरचा बोल्ट सोडवायचा. मी ती ओळ यादीतून खोडली.

मग गाडीत एकटे बसा. इंजिन बंद, काचा वर, पंखा बंद. कानाच्या ओळखीचं एखादं रेकॉर्डिंग लावा. मी तबल्याचं लावतो, कारण डग्गा खोटं बोलू देत नाही. नुसती धप्प अशी थाप ऐकू येते की मनगट दाबून काढलेला घुमारा वळताना कळतो, ते ऐका. आवाज पुढच्या दोन दारांपुरता ठेवा, नंतर फक्त डाव्या, नंतर फक्त उजव्या बाजूला. कुठे भांडं वाजल्यासारखं झालं तर त्या दाराच्या पॅडवर, म्हणजे आतल्या प्लॅस्टिकच्या आवरणावर, तळहात दाबून धरा. आवाज थांबला तर स्पीकर बरा आहे, पॅडची क्लिप सैल आहे. वीस रुपयांच्या क्लिपसाठी लोकांनी स्पीकर बदललेले मी पाहिले आहेत. जे ऐकू आलं ते कागदावर लिहा. दुकानात चारी बाजूंनी आवाज सुरू असतात, तिथे आपल्याला काय हवं होतं हे आपलं आपल्यालाच आठवत नाही.

आता दारं. पैशातला आणि वेळेतला मोठा वाटा इथे जावा असं माझं मत आहे, आणि नेमकं हेच काम कुणाला दिसत नाही म्हणून टाळलं जातं. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे तेवढीच ओढतो. मागची हवा दाराच्या पत्र्यातल्या भोकांतून पुढे आली की दोन्ही एकमेकींना मारतात आणि सगळ्यात आधी बास मरतो. म्हणजे दार हाच स्पीकरचा खोका, आणि कंपनीने तो चाळणीसारखा करून दिलेला असतो. बाहेरच्या पत्र्यावर स्पीकरच्या बरोबर मागे आणि आतल्या पत्र्यावर डॅम्पिंगची, म्हणजे पत्र्याची थरथर दाबणारी, शीट लावली की त्याच स्पीकरमधून डग्गा निराळा ऐकू येतो. शीट ब्युटाइल रबराची, वर अॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेली घ्या. डांबराची स्वस्त शीट उन्हात वास मारते, ओघळते. रोलरने ती इतकी दाबायची की वरची नक्षी सपाट व्हावी. पूर्ण दार मढवायची गरज नाही; टिचकी मारल्यावर डब्यासारखं वाजणारा भाग बंद झाला की पुरे.

इथे माझं हसं झालेलं सांगतो. पहिल्या वेळी ज्या दुकानात काम केलं तिथल्या फिटरने फार मन लावून, दाराच्या अगदी तळापर्यंत शीट लावली. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी डावं दार उघडताना आतून खुळखुळ आवाज. माठ हलवल्यासारखा. काचेच्या रबरातून थोडं पाणी दारात उतरतंच, ते तळाच्या बारीक फटींतून निघून जावं अशी रचना असते. त्या फटी बंद झाल्या होत्या. पाच रुपयांचा स्क्रूड्रायव्हर घालून मी त्या मोकळ्या केल्या तर लोटाभर तरी पाणी पार्किंगमध्ये सांडलं. म्हणून आता यादीत ठळक: काम सुरू करायच्या आधी त्या फटींवर मास्किंग टेप लावायची, शेवटी काढायची, आणि पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद होता तसा परत चिकटवून घ्यायचा. कोकणात राहणाऱ्याने तर हे दोनदा तपासावं.

स्पीकर घेताना आधी माप. स्विफ्टच्या दारात साडेसहा इंची, म्हणजे १६५ मिलिमीटरचे बसतात. पण रुंदीइतकीच खोली महत्त्वाची. काच पूर्ण खाली घेतल्यावर तिच्यापासून स्पीकरच्या भोकापर्यंत किती जागा उरते ते मोजा, नाहीतर चुंबक काचेला अडेल. खोक्यावर मोठ्या अक्षरात ३०० वॉट लिहिलेलं वाचूच नका. खाली बारीक अक्षरात आरएमएस, म्हणजे स्पीकर सलग पेलू शकेल ती ताकद, असतं, ते ५०-६०च्या घरात निघेल. कंपनीच्या स्टिरिओतून एका स्पीकरला प्रत्यक्षात साधारण १५ ते २० वॉटच मिळतात, त्यामुळे वेगळा अॅम्प (आवाजाची ताकद वाढवणारा डबा) घ्यायचा नसेल तर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच विजेत किती आवाज निघतो, ते बघा. ८९ डेसिबलच्या ऐवजी ९२चा स्पीकर घेतला तर तेवढ्याच आवाजाला निम्मी वीज पुरते. मागच्या दारांवर खर्च करू नका. मागे बसणारे झोपतात.

स्पीकरखालची रिंग एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची, असेल तर नाही म्हणा. पावसाळ्यात ती ब्रेडसारखी फुगते. एबीएस प्लॅस्टिकची घ्या. आणि गाडीच्या मॉडेलचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा तयार प्लग, मागा. तो असला की मूळ वायर कापावी लागत नाही. फिटर म्हणेल, "काही होत नाही साहेब, टेप मारून देतो." त्याला शांतपणे सांगायचं, "दादा, कपलर येईपर्यंत मी थांबतो."

खालचा, पोटातला आवाज हवा असेल तर सीटखालचा चपटा वूफर. बॉम्बस्फोट नको आणि फक्त डग्गा-पखवाज भरीव हवा, अशांसाठी तो पुरतो. ५० हर्ट्झच्या आवाजाची लांबी जवळपास सात मीटर, गाडीपेक्षाही मोठी. असा आवाज कुठून येतो ते कानाला सहसा कळत नाही, शिवाय बंद केबिनमध्ये त्याचा दाब वाढतो, म्हणून आठ इंची छोटा वूफरही घरात वाटला नसता एवढा वाटतो. खोका साधारण ३५ बाय २५ सेंटिमीटर, उंची सात-आठ. विकत घेण्याआधी त्याच मापाचा थर्माकोलचा तुकडा कापून सीटखाली सरकवा आणि चार दिवस तसेच फिरा. सीट पुढे-मागे करा, उंची कमी-जास्त होत असेल तर सगळ्यात खाली आणा, मागे एखाद्या उंच माणसाला बसवा. आमच्या ड्रायव्हर सीटखाली थर्माकोल पहिल्याच दिवशी चेपला. डाव्या सीटखाली तो टिकला, फक्त आईने विचारलं, "पाय कुठे घालायचे?" मग तो चार बोटं पुढे सरकवला. ओली छत्री आणि चपलांचं पाणी नेमकं तिथेच जमतं, तेव्हा वूफर मॅटवर थेट न ठेवता पट्ट्यांवर उचलून बसवायचा.

सीटखाली पिवळे कपलर दिसले तर त्यांना हात लावायचा नाही, फिटरलाही लावू द्यायचा नाही. त्या एअरबॅग आणि सीटबेल्टच्या वायरी असतात. काही गाड्यांत मागच्या एसीची नळीही तिथूनच जाते, तीही बघून घ्या.

वायरिंगबद्दल मी हट्टी आहे. वूफर खरा १५० वॉटचा असेल तर पूर्ण जोरात तो १४-१५ अँपिअर ओढतो. त्याला आठ गेजची अस्सल तांब्याची वायर, २० अँपिअरचा फ्यूज. वायर खरवडून बघा. आतून चंदेरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे. फ्यूज बॅटरीपासून वीतभर-दीड वीत अंतरात, कारण तो वूफरसाठी नसतोच. पत्र्याला घासून वायर उघडी पडली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. बॉनेटमधून आत येताना वायर रबरी ग्रोमेटमधूनच, म्हणजे पत्र्याच्या भोकात बसवलेल्या रबरी कड्यातूनच, यावी. अर्थिंगची वायर हातभर लांबीची, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट. सीटबेल्टच्या बोल्टवर अर्थिंग कधीच नको. आणि वीज एका बाजूने, आवाजाची वायर दुसऱ्या बाजूने, नाहीतर अॅक्सिलरेटरबरोबर वाढणारी कुईं ऐकत बसाल.

कागदपत्रांचं काम छोटं आहे. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, तोंडी नको. सामान महाग असेल तर विम्यात ते विजेच्या अॅक्सेसरीज म्हणून वेगळं दाखवता येतं. एजंटला आयएमटी-२४ म्हटलं की कळतं. बिल जपून ठेवा.

कामाचा दिवस शनिवार-रविवार नको. मंगळवारी सकाळी दुकान उघडताना पोचा. डोअर पॅडच्या डझनभर जादा क्लिपा पुण्याच्या नाना पेठेतून आधीच आणून ठेवा, जुन्या निम्म्या तुटणारच. मल्टिमीटर असेल तर सोबत. बंद गाडीत पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, चालू गाडीत चौदाच्या आसपास. काम सुरू होण्याआधीचा आकडा टिपून ठेवा. पॅड काढल्यावर आणि बंद करण्याआधी फोटो काढा. शेजारी उभं राहिलेलं फिटरला आवडत नाही. चहा सांगा आणि उभे राहा.

निघण्याआधी चारी काचा, सेंट्रल लॉक, आरसे, दारातले दिवे एकेकदा चालवून बघा. वूफरला ८० हर्ट्झच्या खालचा आवाज, दारांना वरचा. गेन, म्हणजे वूफरचा जोर ठरवणारं बटण, शून्यावरून सुरू करा, स्टिरिओ पाऊण आवाजावर ठेवून, फाटायला लागेपर्यंत वाढवा आणि थोडं मागे घ्या. फेजचं बटण (वूफरचा पडदा आधी पुढे जातो की मागे ते ठरवणारं) दोन्हीकडे फिरवून ज्यात डग्गा भरतो ते ठेवा. दुकानदार बास वाढवून दाखवेल. तसाच घरी आणला तर दोन दिवसांत डोकं दुखतं. घरी आल्यावर दारांवर पाइपने पाणी मारा आणि खालच्या फटींतून ते थेंबथेंब बाहेर येतंय का ते वाकून बघा.

काढलेले जुने स्पीकर दुकानात सोडून येऊ नका. डावा-उजवा असं लिहून, मूळ स्क्रूंसकट एका खोक्यात, माळ्यावर. गाडी विकताना तेच परत लागतील, आणि नवे पुढच्या गाडीत जातील.