कोकणातल्या जमिनीला चुना देताय? या चुका टाळा

कोकणातली जांभ्याची लाल जमीन मुळातच आम्लधर्मी. अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसाबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून जातं. लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे उरतं. सामू (pH; जितका कमी, तितकी माती जास्त आम्ल) ५.५ च्या खाली गेला की अ‍ॅल्युमिनियम विरघळून मुळांची टोकं खुरटवतं आणि स्फुरदही (फॉस्फरस) मातीतच अडकून पडतं. खत घालूनही झाड उपाशी! मग कोणीतरी चुना सुचवतं, आणि घोटाळे तिथून सुरू होतात.

सगळ्यात मोठा घोटाळा जिप्समचा. देशावरच्या चोपण जमिनी जिप्समने सुधारतात, म्हणून तोच सल्ला घाट उतरून खाली येतो. पण चोपणाचं दुखणं सोडियमचं, आपलं आम्लतेचं. जिप्सममध्ये कॅल्शियम असलं तरी ते सल्फेट आहे, त्याने आम्लता मरत नाही. भुईमुगाच्या शेंगा भरायला ते जरूर द्या. सामू वाढवायला मात्र चुनखडीची भुकटी किंवा डोलोमाइटच हवं. डोलोमाइटमधून मॅग्नेशियमही मिळतं. भुकटी बारीक हवी, जाड खडे वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात.

दुसरी चूक माती तपासणीच्या नमुन्याची. आंब्याच्या आळ्यात दरवर्षी खत पडतं, त्यामुळे तिथली माती दोन झाडांमधल्या मातीपेक्षा जास्त आम्ल असू शकते. दोन्हींचे नमुने वेगळे पाठवा. सामू ६ चा ५ झाला तर आम्लता दहापट वाढते, हेही ध्यानात असू द्या. शेजाऱ्याने किती गोणी टाकल्या यावरून मात्रा ठरवू नका. चिकण मातीला रेताड मातीपेक्षा जास्त चुना लागतो.

चुना आणि युरिया एकाच दिवशी टाकू नका, अमोनिया हवेत उडून जातो. भातखाचरात पाणी साठलं की सामू आपोआप वर सरकतो, तिथे घाई नको.

चुना टाकून अमोनियम सल्फेट हे नत्राचं (नायट्रोजनचं) खत चालूच ठेवलं, तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखंच. अमोनियमचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं. पिकाने न घेतलेलं नायट्रेट पावसात कॅल्शियमला सोबत घेऊन विहिरी-ओढ्यांकडे जातं. खूप आम्ल मातीतून सुटलेलं अ‍ॅल्युमिनियम ओढ्यात पोचलं, तर माशांच्या कल्ल्यांना इजा करतं. म्हणून नत्र थोडं थोडं, विभागून द्या आणि शेणखत वाढवा.

चुन्यानंतर नवी पालवी शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडली, तर मात्रा जास्त झाली असण्याची शक्यता आहे. लोह, जस्त अशा वेळी मुळांना मिळत नाही. आणखी चुना थांबवा, सामू पुन्हा तपासा आणि तोवर सूक्ष्म अन्नद्रव्यं फवारणीतून द्या.