लिव्हर कॅन्सरचं ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो? या चुका टाळा

आमच्या काकांचं ऑपरेशन पुण्यात झालं, टाके निघाले, सोलापूरला घरी आले आणि पहिलं वाक्य काय तर "चला, सुटलो एकदाचं". चूक इथूनच सुरू होते ओ. गाठ काढली तरी ती ज्या लिव्हरात उगवली ते खराब लिव्हर पोटातच आहे, म्हणून तर 5 वर्षांत 70 टक्क्यांपर्यंत लोकांत ती परत दिसते. पहिल्या 2 वर्षांत येते ती बहुतेक जुन्याच गाठीच्या उरलेल्या पेशींची, पुढची बऱ्याचदा नवीनच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे हेपॅटायटिस बीची (लिव्हर खराब करणाऱ्या व्हायरसची) गोळी बंद करणं. रिपोर्टमध्ये व्हायरस दिसत नाही म्हणून काकांनी स्वतःच्या मनानंच टेनोफोविर थांबवली होती, अहो, व्हायरस दबलाय तो गोळीमुळंच! सोडली की उसळतो. हेपॅटायटिस सी असेल तर मात्र बहुतेकांचा कोर्स साधारण 12 आठवड्यांत संपतो, तो कधी घ्यायचा ते डॉक्टरला विचारून घ्या.

दुसरं, "दुखत नाही तर कशाला तपासायचं". छोटी गाठ दुखतच नाही. पहिली 2 वर्षं दर 3-4 महिन्यांनी, नंतर 6 महिन्यांनी सीटी किंवा एमआरआय आणि रक्तातली एएफपी (लिव्हरच्या गाठीत बऱ्याचदा वाढणारं प्रोटीन), आणि खर्च वाचवायला नुसती एएफपी करून येऊ नका, काही गाठींत ती वाढतच नाही. आमच्याकडं एकदा गड्ड्याची जत्रा, मग लग्नसराई, असं करत तारीख दोन महिने लांबली, बायोप्सीचा (गाठीच्या तुकड्याच्या तपासणीचा) रिपोर्ट आणि जुन्या सीटीच्या सीडी पण कपाटात कुठंतरी. सगळं एका पिशवीत ठेवा, डॉक्टर जुन्याशी ताडूनच बघतात.

आता शेंगा चटणी. सोलापूरकराला चटणी सोडा म्हणणं म्हणजे अवघडच, आणि सोडायची गरजही नाही. पण दमट जागी पडलेल्या शेंगदाण्यावर बुरशी येते, तिचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष लिव्हरला वाईट, हेपॅटायटिस बी असेल तर जास्तच, आणि भाजून ते पूर्ण जात नाही. काळे, सुरकुतलेले, कडवट दाणे टाकून द्या, दाणे निवडून चटणी घरीच कुटा. विकतच्या चटणीत कसले दाणे होते ते कोण बघतंय.

"बिअर तर चालते ना?" नाही चालत. आणि कोण तरी पाहुणा येऊन झाडपाल्याचं औषध सांगतोच. गुळवेल घेऊन लिव्हर बिघडलेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलेत, त्यामुळं काढे, चूर्ण काहीही डॉक्टरला न सांगता नको. सिरॉसिस (लिव्हर कडक, निबर होणं) असेल तर गुडघ्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी पण नको, किडनीवर येतं.

काकांना हेपॅटायटिस बी होता म्हणून आम्ही घरातल्या सगळ्यांचीच तपासणी केली, पोरांसकट, आणि ज्यांना लागण नव्हती, लसही झाली नव्हती त्यांना 3 डोस देऊन टाकले.