नाशिकच्या क्लबमागे बाहेरगावी: आधी परतीची गाडी ठरवा

जिल्हा लीग आणि नॉकआउट स्पर्धा खेळणाऱ्या नाशिकच्या फुटबॉल क्लबमागे बाहेरगावी जायचे, तर वेळापत्रकावर फार विसंबता येत नाही. आयएसएलसारख्या (इंडियन सुपर लीग) मोठ्या लीगच्या तारखा सहसा बऱ्याच आधी कळतात. इथे सामना चार दिवसांवर आला असताना ड्रॉ (कोण कुणाशी, केव्हा खेळणार) व्हॉट्सअ‍ॅपवर पडतो आणि आदल्या रात्री बदलतोही. त्यामुळे जायचे कसे हा प्रश्न दुसरा. सामना संपल्यावर परत कशाने यायचे, ते आधी ठरवावे.

त्यासाठी संघ व्यवस्थापकाला तीन गोष्टी विचारा: मैदानाचे नेमके नाव, किक-ऑफची वेळ, आणि बरोबरी झाली तर जादा वेळ आहे की थेट टायब्रेकर (पेनल्टी किकवर निकाल). किक-ऑफ आणि रिपोर्टिंग यांत गल्लत करू नका. खेळाडूंना तास-दीड तास आधी बोलावलेले असते. आता हिशेब मांडा. ४५-४५ मिनिटांचे दोन हाफ, मधली १५ मिनिटे आणि वाया गेलेला वेळ धरून ११० ते ११५ मिनिटे होतात. जादा वेळ असेल तर आणखी ३०, टायब्रेकरची १५ वेगळी. त्यात आधीचा सामना लांबतो, पाहुण्यांना खेळाडूंची ओळख करून देण्यात वेळ जातो. साडेतीनचा सामना चारच्या आसपास सुरू होणार असेच धरून चला. छोट्या स्पर्धांत हाफ ३०-३५ मिनिटांचेही असतात, म्हणून तेही विचारून घ्या.

मुंबईत सामना कूपरेज मैदानावर असू शकतो. जाताना पंचवटी एक्स्प्रेस सोयीची. नाशिकरोडहून ती सकाळी सातच्या सुमारास निघते. पासधारकांच्या डब्यात चढू नका, आरक्षण असेल तरच बसायला मिळेल. सीएसएमटीहून मैदान दोन-अडीच किलोमीटर, चर्चगेटहून त्याहून जवळ. खरी अडचण परतीची. पंचवटी संध्याकाळी सव्वासहाच्या आसपास सुटते. म्हणजे साडेतीनचा किक-ऑफ वेळेवर झाला आणि निकाल ९० मिनिटांत लागला तरच ती हाती लागते. जादा वेळ आणि टायब्रेकर झाला की गेली. सामना तीननंतरचा असेल तर पंचवटीचे परतीचे तिकीट काढूच नका. रात्री नाशिकरोडला थांबणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीत आरक्षण बघा, नाहीतर दादरहून बस.

तेही जमले नाही तर कसारा लोकल. सीएसएमटीहून अडीच तासांच्या आसपास लागतात आणि कसारा स्टेशनबाहेर नाशिकच्या शेअर गाड्या उभ्या असतात. त्या भरल्याशिवाय हलत नाहीत. सहा-सात जण एकत्र असाल तर अख्खी गाडी ठरवता येते. एकट्यादुकट्याने रात्री दहानंतर त्या भरवशावर राहू नये, विशेषतः पावसाळ्यात, घाटात धुके असताना. नाशिकरोडला उतरल्यावरही घर आठ-नऊ किलोमीटरवर असू शकते. रात्री उशिरा सिटीलिंकची शहर बस मिळेलच असे नाही, रिक्षाचे पैसे वेगळे ठेवा.

पुण्याला रस्त्यानेच जाणे सोयीचे. नाशिकच्या ठक्कर बाजार स्थानकाहून एसटी. संगमनेर, नारायणगाव, खेड, चाकण असा साधारण २१० किलोमीटरचा रस्ता. कागदावर पाच तास, पण चाकणची कोंडी एक तास सहज खाते, आणि शनिवारी-रविवारी तर खातेच. सामना बालेवाडीला असेल तर शिवाजीनगरपर्यंत जाऊ नका. नाशिक फाट्याला उतरा, तिथून रिक्षा करा. दहा-बारा किलोमीटर पडते आणि शहरातली गर्दी टळते. मैदान शिवाजीनगर भागात असेल तर नाशिक फाट्याहून मेट्रो घ्यावी. परतताना लक्षात ठेवा, नाशिकच्या गाड्या शिवाजीनगरच्या म्हणजे आता वाकडेवाडीच्या स्थानकातून सुटतात.

कोल्हापूरला मात्र रात्रीचा प्रवास करूनच जावे, अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या वर आहे. खासगी बस बऱ्याचदा हायवेवर तावडे हॉटेलपाशी सोडतात, शहरात जायला तिथून रिक्षा. शाहू स्टेडियमवरचे वातावरण महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच अनुभवायला मिळेल: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ आणि त्यांच्यामागे अख्ख्या पेठा. पाहुण्यांनी तिथे एकत्र, एका कडेला बसावे. यजमानांच्या घोळक्यात आपला झेंडा नाचवू नये. चांगल्या खेळाला टाळी द्यावी, मग तो कुणाचाही असो. तिथला प्रेक्षक जाणकार आहे, त्याला ते कळते.

पंधरापेक्षा जास्त लोक पक्के असतील तर गाडी करणे परवडते. १७ सीटची ट्रॅव्हलर ठरवताना किमान किलोमीटर, चालकाचा भत्ता, टोल आणि रात्री उशीर झाल्यास काय, हे चारही लिहून घ्या. भाडे १७ ने नव्हे, १४ ने भागा. दोन-तीन जण आयत्या वेळी गळतातच. पैसे आधी गोळा करा. पिवळ्या नंबरप्लेटचीच गाडी घ्या, कारण पांढऱ्या प्लेटची भाड्याने नेली आणि अपघात झाला तर विमा अडकतो. चाळीस जण जमले तर एसटीचा प्रासंगिक करार (अख्खी बस भाड्याने) करता येतो. आगारात अर्ज करून आगाऊ रक्कम भरायची. साध्या एसटीने जाताना महिलांना निम्मे भाडे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे, हे धरले की कुटुंबासह जाणे स्वस्त पडते. दुचाकीवर जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे.

सोबत काय घ्यायचे? प्रत्येकी दोन लिटर पाणी, प्लास्टिकच्या बाटलीत. काचेची गेटवरच काढून घेतात. टोपी, सुटे पैसे, पोळी-चटणी, गूळ-शेंगदाणे. बऱ्याच मैदानांवर सावली नसते आणि स्वच्छतागृह असले तरी धड नसते, म्हणून बसस्थानकावरच जाऊन घ्या. दुपारच्या सामन्याला मैदानाच्या पश्चिम बाजूला बसा, ऊन पाठीवर राहते.

नाशिकचे म्हणून ढोल न्यायचाच असेल तर तो गाडीतूनच न्या. रेल्वेच्या डब्यात त्याला जागा नसते. दमट हवेत कातडी पान सैल पडते, फायबरचे पडत नाही. आयोजकांची परवानगी आदल्या दिवशी घ्या आणि ढोल टचलाइनपासून (मैदानाच्या बाजूच्या रेषेपासून) लांब, गोलच्या मागे तर अजिबात नाही, असा ठेवा. शिट्टी कुणीही नेऊ नये. प्रेक्षकातल्या शिट्टीने खेळात व्यत्यय आला असे रेफरीला वाटले तर नियमानुसार तो खेळ थांबवतो आणि ड्रॉप बॉलने (रेफरीने हातातून खाली सोडलेल्या चेंडूने) पुन्हा सुरू करतो. आपलाच फॉरवर्ड एकटा गोलकडे निघालेला असेल तर ती संधी आपल्याच माणसाने घालवलेली असते. रेफरीला शिवीगाळ, मैदानात बाटली फेकणे याची शिक्षा क्लबला होऊ शकते, दंड किंवा थेट स्पर्धेबाहेर. तसे कुणी करताना दिसले तर त्याला तिथेच बसवा.

जून ते सप्टेंबर मातीच्या मैदानावरचे सामने सकाळीही रद्द होतात. निघण्याआधी सहा वाजता मैदानावरच्या माणसाला फोन करून पाणी साचले आहे का ते विचारा, आणि त्या महिन्यांत गाडीचा आगाऊ कमीत कमी द्या.