वेगवान नदीत जोडीने कॅनू चालवताना

पती-पत्नींनी मिळून ओढीच्या पाण्यात कॅनू, म्हणजे वल्ह्यांनी चालवायची अरुंद, लांबट होडी, चालवायची असेल, तर कोणी कोठे बसायचे आणि कोणाचा शब्द केव्हा अंतिम मानायचा, हे काठावरच ठरवून घ्यावे. पुढे बसणाऱ्याला खडक आधी दिसतो, म्हणून ऐनवेळी अडथळा टाळताना त्याचा किंवा तिचा इशारा मागच्याने प्रश्न न विचारता पाळावा. नदीची कोणती बाजू धरून उतरायचे आणि कोठे थांबायचे, हे मात्र मागच्याने ठरवावे, कारण होडीची दिशा मुख्यतः त्याच्या वल्ह्यावर अवलंबून असते. वजनदार माणूस मागे बसणे सोयीचे असते, तरी नवऱ्यानेच मागे बसावे हे गृहीत धरणे मला चुकीचे वाटते. ज्याला पाणी अधिक चांगले समजते त्याने मागे बसावे आणि वजनाचा फरक सामान पुढे-मागे सरकवून भरून काढावा. इशारे मोजकेच ठेवावेत: डावी, उजवी, जोर, उलट, थांब.

पहिला सराव तलावात आणि नंतर हलक्या प्रवाहात करावा. नदीच्या खळाळांची काठिण्यपातळी १ ते ६ अशी मोजतात. नवशिक्या जोडीने १ च्या पुढे घाई करू नये. कोलाडजवळच्या कुंडलिका नदीत पावसाळा सोडून इतर दिवसांतही जोर असतो, कारण मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून खाली येते. तेथे पाणी केव्हा सोडणार याची स्थानिक मार्गदर्शकांकडून खात्री केल्याशिवाय आणि त्यांच्या सोबतीशिवाय उतरू नये.

खळाळात शिरताना बाकावरून खाली येऊन गुडघे फाकवून टेकावेत. दोघांनी विरुद्ध बाजूंना वल्हे मारावे. गुळगुळीत पाण्याचा पट्टा खालच्या अंगाला, म्हणजे प्रवाह जातो त्या बाजूला, निमुळता होत गेला असेल, तर तेथे बहुधा वाट असते. टोक वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूला, असेल, तर त्या टोकाशी खडक असतो. मोठ्या खडकाच्या खालच्या अंगाला संथ पाणी सापडते आणि विसाव्याची जागा तीच. तेथे वळताना पुढच्याने वल्हे संथ पाण्यात रोवावे, मागच्याने जोर द्यावा आणि दोघांनी वळणाच्या आतल्या बाजूला झुकावे. बाहेर पडतानाही आतल्याच बाजूला, म्हणजे प्रवाह जिकडे वाहतो तिकडे झुकायचे असते. भीतीने उलट झुकले की वरच्या अंगाची कड पाण्याखाली जाते आणि होडी पालथी होते. होडी खडकाला आडवी लागली, तरी हाच नियम: दोघांनी ताबडतोब खडकाकडे झुकावे.

पाण्यात पडलेली फांदी किंवा झुडूप दिसले, की बरेच आधी दूर व्हावे. पाणी त्यातून निघून जाते, माणूस मात्र अडकतो.

लाइफ जॅकेट आणि हेल्मेट काठापासूनच घट्ट बांधलेले असावे. होडी उलटली तर तिच्या वरच्या अंगाला राहावे, कारण पाण्याने भरलेली कॅनू माणसाला खडकावर चिरडू शकते. पाठीवर तरंगत पाय पुढे, पृष्ठभागाजवळ ठेवावेत आणि वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. दगडांच्या फटीत पाऊल अडकले, तर प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबून धरतो. जो आधी काठावर पोहोचेल, त्याने पाण्यात परत उडी न घेता दोरी फेकावी, पाय रोवून खाली बसावे आणि दोरी मनगटाला कधीही गुंडाळू नये.