सिंगल की डबल? किचन सिंक घ्यायच्या आधी घरातली परात मोजा

किचनचं काम काढलं की टाइल्स, ट्रॉल्या, चिमणी यावर घरात महिना महिना चर्चा होते आणि सिंक मात्र दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांत ठरतं. आम्हीही तेच केलं होतं. ३७ बाय १८ इंचाचं डबल बाऊल (एकाच सिंकमध्ये शेजारी शेजारी दोन खण), शोरूमच्या लाइटमध्ये असं काही चमकत होतं, आणि दुकानदार म्हणाला "मॅडम, एकात घासा, एकात विसळा". पटलं मला, पटणारच की. बसवल्यावर पहिल्याच दिवशी भांड्याच्या मावशी कणकेची परात हातात धरून म्हणाल्या, "ताई, ही आता कुठं घालू?" परात १५ इंची आणि बाऊल आतून जेमतेम १५ बाय १४. मग काय, परात तिरकी धरायची, अर्धी घासायची, फिरवायची, उरलेली अर्धी घासायची, पाणी ओट्यावर आणि ओट्यावरून पायावर. चार वर्षं अशीच काढली, मग ओटा बदलताना सिंगल घेतलं. म्हणजे दोन्ही वापरून झालीत, त्यामुळे ओळखीत कुणाचं किचन निघालं की हा प्रश्न माझ्याकडे येतोच.

तर पहिलं काम म्हणजे दुकानात जायच्या आधी टेप घेऊन स्वतःच्याच घरातली भांडी मोजायची. सगळी नाही, फक्त त्रास देणारी. परात, मोठी कढई (कानांसकट मोजा, नुसतं तोंड नाही), पाच लिटरचा कुकर हँडलसकट, डोशाचा तवा, आणि गणपतीत निघतं ते मोठं पातेलं. यातलं सगळ्यात रुंद जे भांडं आहे ते बाऊलमध्ये सपाट बसून वर हात फिरायला दोन-तीन इंच जागा राहिली पाहिजे. आणि हे लक्षात ठेवा की दुकानात सांगतात ते माप बाहेरचं असतं. २४ बाय १८ म्हणजे आतून साधारण २२ बाय १६ मिळतं, काठाचे इंच जातात, मागे नळासाठी पट्टी असेल तर अजून कमी. डबलमध्ये तर मधली भिंत पण त्यातच आली. ३७ इंच ऐकायला भरपूर वाटतात पण वाटणी झाल्यावर एकेका बाऊलला पंधरा-सोळा इंच रुंदी येते. म्हणून माझं मत सरळ आहे, डबल घ्यायचंच असेल तर ४५ बाय २० बसत असेल तर घ्या, ३७ च्या डबलच्या नादी लागू नका, त्यात धड एकही बाऊल मोठा नसतो.

आता "एकात घासा एकात विसळा" याबद्दल. ही पद्धत मुळात ज्यांच्याकडे एका बाऊलला बूच लावून साबणाचं गरम पाणी भरतात, त्यात भांडी बुडवून घासतात आणि दुसऱ्यात स्वच्छ पाण्यातून काढतात त्यांची आहे. आपल्याकडे कोण सिंक भरतं? २२ बाय १६ आणि ९ इंच खोल सिंक काठोकाठ भरलं तर पन्नासेक लिटर पाणी लागतं, डबलच्या एका बाऊललासुद्धा तीस लिटरच्या आसपास, आणि आमच्याकडे नळाला पाणी सकाळी तासभर. आपण खरकटं निपटून घेतो, वाटीत साबण, घासणी, घासलेली भांडी एका बाजूला रचत जायची आणि शेवटी सगळी एकदम वाहत्या नळाखाली विसळायची. यात दुसरा बाऊल काय काम करतो, तर घासलेली साबणाची भांडी ठेवायला जागा. बस. ते काम प्लास्टिकचा टब पण करतो, आणि टब उचलून ठेवता येतो, बाऊल उचलता येत नाही.

दुसरं, ओट्याचा हिशोब. समजा तुमचा सरळ ओटा आठ फूट, म्हणजे ९६ इंच. शेगडीला आजूबाजूची मोकळीक धरून ३० इंच द्या. सिंगल २४ चं घेतलं तर ४२ इंच उरतात, ३७ चं डबल घेतलं तर २९. त्या २९ मधून मिक्सरचा एक फूट काढा. राहिलेल्या सतरा इंचात पोळपाट, कणकेचा डबा, चिरायची पाटी आणि गरम कुकर उतरवून ठेवायला जागा असं सगळं करायचंय, करून बघा. आमच्याकडे त्या चार वर्षांत पोळ्या डायनिंग टेबलवर लाटल्या जायच्या आणि दर पोळीमागे एक फेरी. म्हणून घरीच एक प्रयोग करा, जुन्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापा, एक २४ बाय १८ आणि एक ३७ बाय १८, आणि दोन दिवस एक, दोन दिवस दुसरा असे सिंकच्या जागी ओट्यावर चिकटवून ठेवा, त्यावर काही ठेवायचं नाही असं घरात सांगा, तिसऱ्या दिवसापर्यंत उत्तर आपोआप मिळतं. एल ओटा असेल किंवा दहा-अकरा फुटाच्या वर लांबी असेल तर मात्र हा त्रास नाही.

आणि पुण्याकडच्या फ्लॅटमध्ये किचनला लागून ड्राय बाल्कनी असते ना, तिथं वॉशिंग मशीनच्या शेजारी बरेचदा नळ आणि छोटी मोरी असतेच. मावशी भांडी तिथंच घासत असतील तर तुमचा दुसरा बाऊल आधीच घरात आहे. मग किचनमध्ये नुसतं तांदूळ-भाजी धुवायला आणि चहाचे कप विसळायला डबल कशाला? उलट तिथं बाहेर एक साधं, खोल सिंगल बसवून घ्या, खरकटं किचनमध्ये येतच नाही. सासूबाई या एका गोष्टीवर माझ्यावर खूश आहेत.

डबल कुणी घ्यावं, तर तेही सांगते, नाहीतर वाटेल माझा त्याच्यावर रागच आहे (आहे थोडा). ज्यांच्याकडे उष्ट्या-खरकट्याचं पाळतात, देवाच्या नैवेद्याची भांडी आणि भाजी धुणं वेगळं लागतं, त्यांना दुसरा बाऊल खरंच उपयोगी. ज्यांच्याकडे मासे रोजचे आहेत त्यांना पण. माझी मावसबहीण मालवणची, तिच्याकडे एका बाऊलमध्ये बांगडे साफ होतात आणि दुसऱ्यात त्याच वेळी कोथिंबीर धुतली जाते, कुणाला थांबावं लागत नाही. ड्राय बाल्कनी नाही, मदतीला कुणी नाही, सकाळी नवरा-बायको दोघं एकदम किचनमध्ये, अशा घरातही डबल चालतं. दीड बाऊल म्हणून एक प्रकार मिळतो, एक मोठा आणि शेजारी छोटासा, तो यांच्यासाठी बरा, पण मोठ्याचं आतलं माप तपासूनच. त्यातही छोट्या बाऊलला स्वतःचं भोक हवं, नुसती खोलगट ताटली असेल तर काय उपयोग.

अमेरिकेत राहणाऱ्या नणंदेच्या घरी ३३ बाय २२ चं डबल आहे, तिकडे ते कॉमन, ३६ इंचाच्या कॅबिनेटमध्ये बसतं आणि एका बाऊलखाली खरकटं बारीक करणारं डिस्पोजर. ताटं-वाट्या सगळी डिशवॉशरमध्ये जातात, म्हणजे हाताने घासायला उरतं काय तर कुकर आणि कढई, आणि नेमकी तीच त्या अर्ध्या बाऊलमध्ये मावत नाहीत. ती म्हणते पुढच्या घरात सिंगलच. तुमच्याकडे डिशवॉशर येणार असेल तर हे ध्यानात असू द्या, मशीन आलं की मोठ्या एका बाऊलचीच गरज जास्त.

खोलीबद्दल कुणी बोलत नाही. ८, ९ आणि १० इंच अशा खोल्या मिळतात. खोल घेतलं की शिंतोडे कमी उडतात हे खरं, पण ओटा ३३ इंच उंच आणि सिंक १० इंच खोल म्हणजे तळ २३ इंचावर, पाच फुटाच्या बाईला वाकूनच उभं राहावं लागतं आणि भांडी संपेपर्यंत कंबर बोलायला लागते. जो माणूस रोज भांडी घासतो त्याला शोरूममध्ये घेऊन जा, उभं करा, तळाला हात सहज टेकला पाहिजे. तुमच्याकडे मावशी घासत असतील तर त्यांना विचारा. मी विचारलं नव्हतं.

सिंकच्या खालीही डोकं घालून बघा. डबलला दोन कपलिंग (पाणी जायच्या भोकात बसतात ते जोड), दोन्हीचे पाइप जोडून एका बॉटल ट्रॅपला (वास अडवणारा बाटलीसारखा भाग), म्हणजे जोड जास्त आणि गळायच्या जागा जास्त. कुठे भाताची शितं अडकून तुंबलं की एका बाऊलचं घाण पाणी दुसऱ्यात वर येतं, ते बघायला फार छान नसतं. शिवाय त्याच कपाटात कचऱ्याचा डबा, प्युरिफायरचा पाइप, कधी सिलिंडर पण असतो. डबलची पाइपांची जाळी ट्रॉलीवाल्याला आधी दाखवा, नाहीतर ट्रॉली पाइपला धडकते आणि मग ट्रॉलीवाला प्लंबरला आणि प्लंबर ट्रॉलीवाल्याला नावं ठेवतो. नळाचं पण तसंच, डबलला नळ मधोमध आणि फिरणारा हवा, त्याची मान दोन्ही बाऊलच्या मध्यापर्यंत पोचते का ते मोजा.

मटेरियल थोडक्यात. स्टील ३०४ ग्रेडचं घ्या, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं म्हणून गंज धरत नाही. २०२ ग्रेडमध्ये निकेल कमी करून मँगनीज घालतात, स्वस्त पडतं पण ओल्या जागी डाग लवकर धरतं. दुकानात चुंबक लावून "चिकटत नाही, म्हणजे ३०४" असं दाखवतात त्याला भुलू नका, चुंबक तर २०२ ला पण चिकटत नाही, आणि ३०४ चं सिंक दाबून बनवलेलं असेल तर कोपऱ्यात किंचित धरूही शकतं. ग्रेडचा शिक्का आणि बिलावर ग्रेड लिहून घेणं हेच बरं. गेज उलटं चालतं, आकडा लहान तितका पत्रा जाड, १८ गेज म्हणजे साधारण सव्वा मिलीमीटर, घराला पुरतं. अगदी काटकोनी कोपऱ्याची सिंक दिसायला भारी पण त्या कोपऱ्यात चहापत्ती बसते ती टूथब्रशनेच निघते, कोपरा थोडा गोल असू द्या. बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर काळी सिंक नकोच, क्षाराचे पांढरे डाग रोज दिसतात. आणि हो, टाइल्स बसल्यावर कामगार ॲसिडने भिंत धुतात, ते सिंकवर सांडलं की कायमचे डाग, तेव्हा त्या दिवशी सिंक झाकून ठेवा.

शेवटचं, ग्रॅनाइट कापायच्या वेळी घरी हजर राहा. सिंक आधी घरी आणा, मग दगडात त्याचं भोक (कटआउट), नुसत्या मापाच्या चिठ्ठीवर कापू देऊ नका. दोन फुटी ओट्यात सिंकच्या पुढे निदान दोन-अडीच इंच दगड राहिला पाहिजे, नाहीतर ती पट्टी उचलतानाच तडकते, २० इंची सिंक घेताना हे बघाच. सिंगल की डबल असं अजूनही मनात असेल तर सिंगलचं भोक पाडा, पुढे वाटलं तर ते वाढवता येतं, डबलचं भोक लहान करायचं तर दगडच बदलावा लागतो, आम्ही बदलला.

बसवून झालं की सिलिकॉन एक दिवस वाळू द्या, मग जाळीवर बूच ठेवून सिंक निम्मं भरा, खालच्या कपाटात कोरडा पेपर पसरा आणि एकदम पाणी सोडा. डबल असेल तर दोन्ही बाऊल भरून एकाच वेळी सोडा. पेपरवर एक जरी ओला ठिपका दिसला तर प्लंबर पायऱ्या उतरायच्या आत त्याला परत वर बोलवा.