स्विचवर स्टॅटिक नॅट लावताय? या चुका टाळा

रत्नागिरीच्या एमआयडीसीत आंब्याचा पल्प भरणाऱ्या किंवा मासळी पॅक करणाऱ्या कारखान्यात एक प्रकार हमखास दिसतो. एकाच कंपनीची दोन मशिनं, आणि दोन्हींचा आयपी पत्ता १९२.१६८.१.१०. पत्ता बदलला तर वॉरंटी जाईल, असं मशीनवाला बजावून जातो. मग प्रत्येक मशीनपुढे नॅट करणारा, म्हणजे आतला पत्ता बाहेर दुसऱ्याच ठरलेल्या पत्त्याने दाखवणारा, इंडस्ट्रियल स्विच बसवायचा आणि बाहेर एकाला १०.२०.३०.११, दुसऱ्याला १०.२०.३०.१२ दाखवायचं. काम मोजक्या ओळींचं, पण हंगाम आला की त्याच चुकांसाठी फोन सुरू होतात.

त्यातली माझी सगळ्यात नावडती चूक म्हणजे परतीची वाट विसरणं. आतलं मशीन बाहेर कुठल्या पत्त्याने दिसेल, ती ओळ सगळे लिहितात. पण ऑफिसच्या कॉम्प्युटरने, म्हणजे १०.२०.३०.५ने, काही विचारलं तर मशीन उत्तर पाठवणार कुठे? त्याला १९२.१६८.१ च्या पलीकडचं काही ठाऊक नसतं. मशीनमध्ये गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या दाराचा पत्ता, भरलेला हवा, आणि त्या आतल्या गेटवेचं बाहेरच्या खऱ्या गेटवेशी नातं जोडणारी ओळही स्विचवर हवी.

एका कॅनिंग कारखान्यात ऐन मे महिन्यात हेच झालं. पहिलं मशीन चालू, दुसरं मुकं. शेडमध्ये पिकलेल्या आंब्याचे क्रेट थरावर थर. नवा पोरगा सकाळपासून केबल बदलत होता, मग स्विच बदलला, शेवटी म्हणाला, "दादा, मशीनचं कार्डच गेलंय." मी त्याला नॅटचे आकडे बघायला लावले. बाहेरून आत जाणाऱ्या डेटा पॅकेटचा आकडा वाढत होता, आतून बाहेर येणारा जागचा हलत नव्हता. म्हणजे प्रश्न पोचत होता, उत्तर निघतच नव्हतं. मशीनच्या स्क्रीनवर पाहिलं तर गेटवेचा रकाना कोरा. आणि सेटिंगला हात लावायची परवानगी नाही! मग स्विचवरच उलट्या बाजूची ओळ टाकली: १०.२०.३०.५ आत १९२.१६८.१.२५० म्हणून दिसू दे. मशीनला वाटलं कॉम्प्युटर शेजारीच आहे, आणि ते बोलायला लागलं. की-बोर्डला हात लावण्याआधी मी कागदावर जाणारा आणि येणारा असे दोन बाण काढतो. पोरांना हा वेळकाढूपणा वाटतो. वाटू दे.

दुसरी चूक, सेव्ह न करणं. चालू कॉन्फिगरेशन रॅममध्ये असतं. पिंग लागला, म्हणजे मशीनने हाकेला ओ दिली, की लोक लॅपटॉप मिटून चहाला जातात. मृगाच्या पहिल्या सरीला लाइट जाते, परत येते तेव्हा स्विच कोरा, आणि म्हणे "काल तर चालत होतं". पिंग लागला की पुढची ओळ राइट मेमरी, म्हणजे सेव्हची कमांड, चहा त्यानंतर.

बाकीच्या चुका थोडक्यात. इनसाइड आणि आउटसाइड पोर्ट उलटे लावणं. बाहेरचा पत्ता डीएचसीपीच्या, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या, पूलमधून वगळायला विसरणं, मग तोच पत्ता कुणाच्या तरी मोबाइलला मिळतो. आणि मुळात नॅट न करणारा स्विच घेऊन बसणं: सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६० वर कितीही डोकं आपटलं तरी नॅट होणार नाही, खरेदीआधी डेटाशीट वाचा.

होमस्टेवाल्यांसाठी वेगळं सांगतो. मालवणातले कॅमेरे मुंबईतून बघायचे म्हणून स्टॅटिक नॅट लावायला निघता, तर आधी राउटरचा बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुमच्यावर ब्रॉडबँडवाल्याचं आणखी एक नॅट बसलेलं आहे. तुम्ही काहीही लिहा, बाहेरून कुणी आत पोचणार नाही. पब्लिक पत्ता मिळालाच, तरी अख्खा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा, एकास एक उघडू नका. सगळे पोर्ट, म्हणजे आत शिरायच्या सगळ्या वाटा, जगाला दिसतात.

शेवटचं आयओएसबद्दल, म्हणजे सिस्कोच्या स्विच-राउटरवर चालणाऱ्या प्रणालीबद्दल. बाहेरच्या पोर्टवर आत येणाऱ्यांसाठीची एसीएल, म्हणजे कुणाला सोडायचं आणि कुणाला अडवायचं याची यादी, नॅटच्या आधी तपासली जाते, त्यामुळे तिच्यात बाहेरचाच पत्ता लिहायचा. आणि नॅटची ओळ काढताना "वापरात आहे" असं उत्तर आलं तर आधी जुन्या ट्रान्सलेशन नोंदी क्लिअर करा. उतावळे लोक स्विचच रीस्टार्ट करतात, तेही सेव्ह न करता.