सांगलीहून दिवाडी बेटावर: जुन्या मोटारींच्या ताफ्याची तयारी

जुन्या मोटारींचा मेळावा कोल्हापुरात किंवा पुण्यात असला, तर सांगली-साताऱ्याकडच्या मंडळींना फारशी वेगळी तयारी करावी लागत नाही. गाडी धुतली, प्लग साफ केले, हवा तपासली की महामार्ग धरता येतो. मात्र मेळावा गोव्यातल्या दिवाडीसारख्या बेटावर ठरला, तर हिशेब बदलतो, कारण वाटेत घाट उतरावा लागतो, मग मांडवी नदीत फेरीबोटीवर गाडी चढवावी लागते आणि परतताना तोच घाट भरलेल्या गाडीने चढावा लागतो. जाताना परीक्षा ब्रेकची असते आणि येताना रेडिएटरची. बहुतेक मंडळी इंजिनाकडे पाहतात आणि ब्रेक ‘लागतात ना’ एवढ्यावर सोडून देतात. त्यामुळे या लेखात ब्रेकला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

आधी वेळापत्रक ठरवावे. सांगलीहून अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले, कोल्हापूर, कागल, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा असा मार्ग धरला, तर जुन्या गोव्यापर्यंत अडीचशे किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर पडते. नव्या गाडीला हा एका दिवसाचा सहज प्रवास आहे, परंतु ताशी चाळीस-पंचेचाळीसच्या सरासरीने चालणाऱ्या ताफ्याने तो एका दमात करू नये. शुक्रवारी अकराच्या आत विश्रामबागेतून निघून उजेडी आंबोलीला पोचावे व तिथेच मुक्काम करावा, शनिवारी सकाळी थंड ब्रेकनिशी घाट उतरून दुपारी नदी ओलांडावी, रविवारी दुपारपर्यंत बेट सोडून सावंतवाडीला थांबावे आणि सोमवारी पहाटेच्या गारव्यात घाट चढावा, ही मांडणी मला सर्वांत सुरक्षित वाटते. त्यासाठी शुक्रवार आणि सोमवार रजा घ्यावी लागेल, पण जुन्या दिव्यांच्या पिवळ्या उजेडात रात्री घाटात गाडी हाकण्यापेक्षा रजा परवडते. साताऱ्याच्या गाड्यांनी कराड, पेठ नाका मार्गे येऊन कागलला ताफ्यात मिळावे. पावसाळ्यात आंबोलीत धुके आणि दरडींचा धोका असतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने धरावेत.

कागदपत्रांची फाइल निघण्याच्या महिनाभर आधी उघडावी. निपाणी आणि संकेश्वर कर्नाटकात असल्यामुळे हा प्रवास तीन राज्यांतून होतो. पंधरा वर्षांवरील खासगी गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण, पर्यावरण कराची पावती, पीयूसी आणि विमा या चारही गोष्टी मुदतीत असल्या पाहिजेत. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क असून ती दहा वर्षे चालते. अशी नोंदणी असलेली गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, मात्र प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठी आणता येते. म्हणून आयोजकांचे निमंत्रणपत्र गाडीत ठेवावे. विम्याची एक अट सहसा कोणी वाचत नाही: खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत, वेगचाचणी आणि विश्वासार्हता-चाचणी हे वापर वगळलेले असतात. बेटावर वेळ-अंतराची, म्हणजे ठरवून दिलेली सरासरी गती राखण्याची, स्पर्धा होणार असेल, तर विमा कंपनीला आधी लेखी विचारावे आणि गरज पडल्यास जादा हप्ता भरून तशी शर्त जोडून घ्यावी.

आता ब्रेककडे वळू. प्रीमियर पद्मिनी आणि जुन्या अॅम्बेसेडरच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. घाटात सतत दाबून ठेवले की ड्रम तापतो, शूचे, म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या पट्टीचे, अस्तर पकड सोडते आणि चालकाला पायाखाली पेडल घट्ट लागत असूनही गाडी थांबत नाही. दुसरा प्रकार याहून वाईट आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे वर्षानुवर्षे न बदललेल्या ऑइलचा उत्कलनबिंदू खाली येतो, व्हील सिलिंडरजवळ (प्रत्येक चाकात ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा छोटा सिलिंडर) ते उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकदम तळाला जाते. जुन्या गाड्यांत चारही चाकांना मिळून एकच ब्रेक लाइन असल्यामुळे अशा वेळी हाती फक्त हँडब्रेक आणि गिअर उरतात.

यावर उपाय स्वस्त आहे. निघण्याच्या पंधरा दिवस आधी चारही ड्रम उतरवावेत. व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड बोटाने मागे सारून पाहावी. आत ओल दिसली, तर किट बदलावेच, ‘थोडेसेच झिरपते’ म्हणून सोडून देऊ नये. जुने ऑइल पूर्ण काढून सीलबंद डब्यातले नवे भरावे आणि मग हवा काढावी. मास्टर सिलिंडरपासून (पेडलने चालणारा मुख्य सिलिंडर) सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. चाकामागच्या निप्पलला (हवा काढण्याच्या पोकळ स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवावे. एकाने पेडल सावकाश दाबून धरावे, दुसऱ्याने निप्पल पाव फेरा सैल करून पुन्हा आवळावे आणि त्यानंतरच पेडल सोडावे. नळीतून बुडबुडे येणे थांबून गडद ऑइलच्या जागी स्वच्छ ऑइल दिसेपर्यंत हे चालू ठेवावे, आणि प्रत्येक चाकानंतर वरची टाकी भरून घ्यावी, कारण ती रिकामी झाली की सगळी मेहनत पुन्हा करावी लागते. सांगलीतल्या शंभर फुटी रस्त्यावरच्या गॅरेजांत हे काम करणारे चांगले मिस्त्री आहेत, तरी मालकाने शेजारी उभे राहून एकदा तरी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. बाजारात न मिळणारा एखादा बुश कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर बनवून घेता येतो, मात्र ब्रेकच्या रबरी भागांत असा जुगाड कधीही करू नये.

घाट उतरण्याचा जुना नियम असा की ज्या गिअरमध्ये तो चढता येतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. आंबोलीचा उतार दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाचा विरोध वापरून उतरावा. ब्रेक थोडा वेळ जोरात दाबून पूर्ण सोडावा, हलका पाय ठेवून घासत नेऊ नये. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नये. घाटाखालच्या दाणोलीला सर्वांनी थांबून प्रत्येक चाकाजवळ हात न लावता केवळ तळवा जवळ नेऊन उष्णता अजमावावी. एकच चाक इतरांहून फार तापले असेल, तर त्याचा शू सुटत नाही असे समजावे.

टायरच्या नक्षीपेक्षा वय महत्त्वाचे आहे. बाजूवर लंबगोलात कोरलेले शेवटचे चार अंक पाहावेत. तिथे २३१९ असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. वर्षातून चार वेळा बाहेर निघणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण वाळून तडकतात.

इंधनाबाबत आपल्या भागातल्या माणसाला अधिक सांगायला नको, कारण पेट्रोलमधले इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत तयार होते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या आणि इंधन पंपाचा डायफ्रॅम त्याने फुगतात, टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टरमध्ये अडकतो, आणि दमट हवेत ते पाणी ओढून घेते. नळ्या आणि डायफ्रॅम इथेनॉल सोसणारे घ्यावेत, निघण्याआधी नवा फिल्टर घालावा आणि आणखी एक खिशात ठेवावा. इंजिनाला चिकटून बसलेला पंप चढावर तापला, की पेट्रोलची वाफ होऊन गाडी गचके देत बंद पडते. अशा वेळी पंपावर ओले फडके गुंडाळून दहा मिनिटे थांबले, की ती बहुधा पुन्हा सुरू होते.

सुटे भाग प्रत्येकाने सगळे बाळगण्याची गरज नाही. एकाच जातीच्या गाड्यांनी मिळून पॉइंट, कंडेन्सर, रोटर, डिस्ट्रिब्युटर कॅप, कॉइल, फॅन बेल्ट, रेडिएटरचे दोन्ही होज, क्लच केबल आणि फ्यूज असा एक संच ठेवावा. फीलर गेज (फट मोजायच्या पात्या), जॅक, ओढण्याचा दोर आणि दोन लाकडी ठोकळे मात्र प्रत्येक गाडीत हवेत. जुन्या काळचा, कोऱ्या खोक्यात मिळालेला कंडेन्सर दिसायला कितीही सुंदर असला, तरी तो नुसता ठेवून ठेवूनही निकामी होतो, म्हणून घरी लावून, दहा-वीस किलोमीटर चालवून मगच तो संचात ठेवावा.

ताफ्यात सर्वांत मंद गाडी पुढून दुसरी ठेवावी आणि हत्यारे घेतलेला मिस्त्री शेवटच्या गाडीत बसवावा. तीन-चार गाड्यांचे गट करून गटांमध्ये भरपूर अंतर सोडावे, म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकांना ओलांडता येते. घाटात मोबाइलची रेंज जाते, त्यामुळे प्रत्येकाने आरशात मागची गाडी पाहत राहावे, आणि ज्या फाट्यावर वळायचे तिथे ती दिसेपर्यंत थांबावे.

पणजीहून रायबंदरकडे जाणारा रस्ता पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेल्या लांब बांधावरून जातो. दिवाडीला जाण्यासाठी रायबंदर, जुने गोवे आणि पलीकडच्या बाजूने नार्वे अशा धक्क्यांवरून फेरीबोटी सुटतात. त्या गोव्याचे नदी परिवहन खाते चालवते. ताफा मोठा असेल, तर खात्याला आधी पत्र द्यावे. एका फेरीला दोन-तीनच जुन्या गाड्या चढवाव्यात आणि गावकऱ्यांची वाहने आधी जाऊ द्यावीत, कारण ती बोट त्यांच्या शाळेची, नोकरीची आणि दवाखान्याची वाट आहे.

बोटीचा पुढचा फाळका धक्क्याच्या उतारावर टेकतो. पाणी खाली गेले, की हा उतार जास्त उतरावा लागतो आणि फाळक्याशी कोन तीव्र होतो. तिथे सायलेन्सर आणि मागचा बंपर घासतात. म्हणून भरतीची वेळ धरावी. कोकणातला ढोबळ हिशेब असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की भरतीची वेळ तासांत मिळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. तिथून सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, भरती अकरा-बाराच्या सुमारास येते आणि संध्याकाळी पाणी सर्वांत खाली जाते, तेव्हा त्या शनिवारी दुपारीच पार व्हावे. नदीत आत थोडा उशीर होतो, म्हणून धक्क्यावरच्या खलाशांचा शब्द अखेरचा मानावा. गाडीत फक्त चालकाने बसावे, बाकीच्यांनी उतरून चालत यावे. पहिल्या गिअरमध्ये, क्लच न घसरवता, सरळ रेषेत चढावे. बोटीवर इंजिन बंद करून, गिअर आणि हँडब्रेक लावून चाकांना ठोकळे द्यावेत.

बेटावरचे रस्ते अरुंद असून भातशेतीच्या बांधांमधून जातात. पेट्रोल नदीच्या अलीकडेच भरून घ्यावे. रविवारी सकाळी पिएदादच्या टेकडीवरच्या चर्चमध्ये लोक जमतात, त्या वेळात ताफा तिथून नेऊ नये आणि हॉर्न वाजवू नये. वेळ-अंतराची स्पर्धा असेल, तर तिच्यात वेगाला किंमत नसते, दिलेली सरासरी राखण्याला असते. ताशी २४ किलोमीटर सरासरी म्हणजे एका किलोमीटरला अडीच मिनिटे, असा तक्ता शेजारच्या साथीदाराने आधीच लिहून ठेवावा. जुना मीटर खोटे बोलतो, म्हणून येतानाच दहा किलोमीटरचे दगड मोजून पाहावेत. मीटरने १०.४ दाखवले, तर पुढच्या प्रत्येक आकड्याला १.०४ ने भागावे. बहुतेक ठिकाणी उशिरापेक्षा लवकर पोचण्याचा दंड मोठा असतो.

परतीच्या वाटेवर वेळ असेल, तर नार्व्याच्या धक्क्याने डिचोलीकडे उतरावे. दिवाडीवरचे सप्तकोटेश्वराचे देवस्थान पोर्तुगीजांच्या काळात याच पलीकडच्या नार्व्यात आले आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार करविला. साताऱ्याच्या माणसाने तिथे थांबल्याशिवाय येऊ नये असे मला मनापासून वाटते.

सोमवारी दाणोलीहून वर निघताना रेडिएटर काठोकाठ आणि फॅन बेल्ट ताणलेला असावा. प्रत्येक गाडीत दहा लिटर पाणी ठेवावे. काटा वर जाऊ लागला, की हट्टाने वरचा गिअर न धरता खालच्या गिअरमध्ये, इंजिन मोकळे फिरू देत चढावे. उकळलेच तर सुरक्षित जागा पाहून थांबावे, बॉनेट उघडावे आणि झाकणाला अर्धा तास हात लावू नये. नंतर इंजिन चालू ठेवून पाणी थोडेथोडे घालावे. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतले, की सिलिंडर हेडला तडा जाण्याची भीती असते.

घरी पोचल्यावर गाडीला कापड घालण्याआधी तिचे पोट गोड्या पाण्याने धुवावे, कारण धक्क्यावर उडालेले खारे पाणी चासीच्या सांध्यांत आणि ब्रेकच्या पत्र्यांमागे बसते. धुतल्यावर लगेच दोन-चार किलोमीटर चालवून, ब्रेक हलके दाबत ड्रम कोरडे करावेत, आणि त्याच आठवड्यात मागचे दोन्ही ड्रम उतरवून व्हील सिलिंडर पुन्हा एकदा तपासावेत.